गृहसंस्थेच्या आवारांतील झाडें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें आज सहकारी गृहसंस्थांच्या इमारतींत आहेत. शंभर-दीडशें कुटुंबांचें मिळून जें एक आवार, त्यांत कोणतीं झाडें लावावीं हा प्रश्न वार्षिक सभेंत बहुधा शेवटच्या पांच मिनिटांत निकालांत निघतो. रंगाच्या व लिफ्टच्या खर्चावर तास-तास वाद चालतो. झाडांची निवड मात्र रोपवाटिकेच्या माळ्यावर सोंपविली जाते. ही रीत आम्हांस पसंत नाहीं. रंग कांहीं वर्षांनीं बदलतां येतो. झाड दोन पिढ्या पाहतें. शिवाय महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें स्वतःच्या आवारांतील झाडही परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. लावतांना कोणी विचारीत नाहीं. तोडतांना मात्र अर्ज, पाहणी आणि प्रतीक्षा.

माळी काय देतो? जें लवकर हिरवें दिसतें तें. कुंपणालगत खोट्या अशोकाची रांग, प्रवेशद्वारीं बाटलीपाम, नाहीं तर कोनोकार्पसची भिंत. या कोनोकार्पसच्या लागवडीस गुजरात सरकारनें २०२३ सालीं मनाई केली. परागकणांनीं होणारा त्रास आणि जमिनींतील नळांस व तारांस मुळांनीं होणारा उपद्रव हीं त्याचीं कारणें. बाटलीपाम निरुपद्रवी खरा, पण त्याच्या सांवलींत एक मूलही धड बसूं शकत नाहीं.

आमच्या मतें निवडीचा आरंभ मातीपासून व्हावा. नव्या संकुलांत बाग पुष्कळदां वाहनतळाच्या छतावर असते. तेथें माती कांहीं फुटांचीच. अशा ठिकाणीं लिंबू, कढीलिंब, कुंद, तगर हीं खुशाल लावावीं. लिंबाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसतात; २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य फुलपाखरूं ठरलेलें ब्लू मॉर्मन त्यांपैकींच एक. परंतु तेवढ्याच मातींत मोठा वृक्ष उभा करणें म्हणजे वादळास आमंत्रण देणें होय. जेथें खरी जमीन आहे तेथेंही आपण खोडापर्यंत फरशी घालतों. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोंवतालची एक मीटर जागा कॉंक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला, तो प्रत्येक संस्थेनें आपणासाठींच आहे असें समजावें. पावसाळ्यांत मुंबईंत गुलमोहर व पर्जन्यवृक्ष कोसळले म्हणजे दोष झाडास लागतो. मुळें कोंडणारांचें नांव कोणी घेत नाहीं.

अशा मोकळ्या जमिनींत ताम्हण, बहावा, करंज, सीताअशोक, बकुळ हीं लावावींत. ताम्हण हें आपलें राज्यपुष्प. एप्रिल-मे महिन्यांत त्याचा जांभळा बहर पाहण्यास मुलांस सुटीही असते. बकुळ फार सावकाश वाढते, आणि म्हणूनच ती कोणी लावीत नाहीं. गुलमोहर थोड्या वर्षांत फुलतो. बकुळ लावणारास आपल्या नातवंडांचा विचार करावा लागतो. दादरच्या पारशी वसाहतींत रस्त्यांच्या कडेचे जुने वृक्ष पाहावे, म्हणजे त्या वेळच्या लोकांनीं कोणाचा विचार केला होता तें कळेल.

देशी झाड म्हटलें कीं सर्वत्र सोयीचें, असेंही नाहीं. वड-पिंपळ भिंतींपासून दूरच बरे. सातविणीचा शरदांतील उग्र वास कित्येकांस सोसत नाहीं. ती खिडकीखालीं नको. आणि ज्या बिट्टीच्या बिया मुलें खेळावयास घेतात ती पिवळी कण्हेर विषारी आहे. क्रीडांगणाजवळ तिला थारा देऊं नये.

पानें पडतात, मोटारींवर पक्षी घाण करतात, हा आक्षेप प्रत्येक सभेंत निघतो. मोटार धुतां येते. पानांसाठीं एका कोपऱ्यांत खड्डा खणला कीं वर्षाकांठीं खत मिळतें, तेंही फुकट.

मुलांनीं या सुटींत एक काम करावें. आपल्या आवारांत उघडी जमीन किती उरली आहे ती टेपनें मोजून तिचा नकाशा काढावा व पालकांच्या हातीं द्यावा. सभेपुढें तो नकाशा असला म्हणजे चर्चा पांच मिनिटांत आटोपणार नाहीं. आणि पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांस पाणी कोण घालणार, तें इतिवृत्तांत नांवानिशीं लिहून घ्यावें. नुसतें 'संस्थेनें घालावें' असें लिहिलेलीं रोपें आम्हीं वाळतांना पाहिलीं आहेत.