ढगातील फायली आणि हातची शिल्लक

वाणिज्य शाखेत पाऊल टाकताच आपण शिकतो, की वहीतले येणे वेगळे आणि गल्ल्यातील रोकड वेगळी. संगणकावरील फायलींच्या बाबतीत मात्र हा साधा भेद आपण विसरतो.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये २०१७ पासून एक सोय आहे. फायलीचे नाव आपल्या लॅपटॉपवर दिसते. पण फाईल असते कंपनीच्या दूरच्या यंत्रावर, आणि उघडल्यावरच ती इंटरनेटवरून खाली उतरते. नावाशेजारी निळा ढग दिसला, की समजावे : नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी खूण असेल, तरच ती फाईल कायम आपल्याजवळ आहे. गूगल ड्राइव्हमध्येही 'स्ट्रीम' आणि 'मिरर' असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गानेच सर्व फायलींची प्रत आपल्या डिस्कवर राहते.

"आता नेट कुठे नसते?" असे काही मित्र विचारतात. त्यांनी भर पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील जंगलाकडच्या गावी राहून पाहावे. वीज गेली, रेंज गेली, प्रकल्प उद्या द्यायचा आणि पडद्यावर नुसते ढग! शहरात खोली घेऊन राहणाऱ्यापेक्षा ही अडचण गावाकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक भोवते. मग तो मराठी विभागाचा असो वा कन्नड.

माझा विरोध ढगाला नाही. लहान डिस्कवर सारे मावत नाही, हे खरेच. पण काय जवळ ठेवायचे, हे यंत्राने नव्हे, आपण ठरवावे. चालू सत्राच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे. जुन्या सत्रांना 'फ्री अप स्पेस' पुरे. हे काम नेट असतानाच करावे आणि फायली पूर्ण उतरल्याची खात्री करूनच घरची एस. टी. धरावी.

आणखी एक. सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. कीर्दीतली चूक जशी खतावणीत उतरते, तशी इथे पुसलेली फाईल सगळीकडून पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. म्हणून महत्त्वाच्या कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर असावीच.

संगणकाच्या तासाला फाईल तयार कशी करावी, हे शिकवले जाते. ती राहते कुठे, हेही प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला सांगावे. शेतकरीही ढगावर भरवसा ठेवतो. पण बियाणे घरात ठेवूनच!