स्टेशन जपायचे म्हणजे काय जपायचे?

बंगळूरहून होसूरमार्गे सेलमकडे जाणाऱ्या लाइनीवर हीललिगेच्या पुढे आनेकल रोड नावाचे एक लहान स्टेशन आहे. नावात 'रोड' आले की रेल्वेवाल्याला जास्त सांगावे लागत नाही. गाव आत काही किलोमीटरवर, स्टेशन लाइनीच्या कडेला. आपली सावंतवाडी रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड ही त्याच कुळातली. नाशिक रोडही मुळात तसेच. पुढे त्याच्याभोवती शहर उभे राहिले ही गोष्ट वेगळी. आनेकल रोडला घुमट नाही, कोरीव दगड नाही, परदेशी पाहुण्यांना दाखवावे असे काही नाही. म्हणूनच आम्ही या अंकाचा अग्रलेख त्याच्यापासून सुरू करीत आहोत. स्टेशने जपण्याची चर्चा निघाली की ती मुंबईच्या बोरीबंदरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ज्या हजारो स्टेशनांवर आपले बहुसंख्य भाऊबंद रात्रपाळी काढतात, त्यांची आठवण कुणाला होत नाही.

आनेकलशी मराठी कामगाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. १ एप्रिल २००३ रोजी दक्षिण पश्चिम रेल्वे हा नवा झोन झाला आणि त्यात हुबळी, बंगळूर व म्हैसूर हे तीन विभाग एका छत्राखाली आले. बेळगाव, खानापूर, लोंढा ही स्टेशने हुबळी विभागात. त्या पट्ट्यातली मराठी मुले याच झोनमध्ये नोकरी करतात. संबंध जोडायचा तर एवढा पुरे आहे. पण त्याहून मोठे कारण असे की आनेकल रोडच्या दाराशी आज जे आले आहे, ते उद्या तुमच्याआमच्या स्टेशनाच्या दाराशी येणार आहे. काही ठिकाणी येऊनही गेले आहे.

आनेकल तालुका आता शेतीवाडीचा राहिलेला नाही. इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले अशी कारखान्यांची आणि कंपन्यांची रांगच त्या भागात लागली आहे. होसूर रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहने मुंगीच्या गतीने सरकतात. तेव्हा लोकांना रेल्वे हवी आहे, आणि ती मिळालीच पाहिजे. बैयप्पनहळ्ळी ते होसूर या ४८ किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण हाती घेतले गेले. बंगळूरच्या उपनगरी रेल्वेच्या एकूण १४८ किलोमीटरच्या चार मार्गांची पायाभरणी जून २०२२ मध्ये झाली; त्यातला 'कनक' हा मार्ग याच तालुक्यातल्या हीललिगेहून राजनकुंटेपर्यंत जायचा आहे. या कामांना आमचा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. एकेरी लाइनीवर क्रॉसिंगसाठी तास-तास उभे राहण्याचा त्रास ड्रायव्हर-गार्डांनी आणि प्रवाशांनी भोगला आहे. दुसरी लाइन पडली तर सर्वांत आधी आनंद आपल्यालाच होईल.

प्रश्न आहे तो लाइन टाकताना आड येणाऱ्या गोष्टींचा. दुसरी लाइन आली की नवा प्लॅटफॉर्म येतो, जुनी इमारत कामाच्या मधे येते, झाड येते, क्वार्टर येतात, पाण्याची टाकी येते. नकाशा करणारा साहेब हे सारे 'हटवायचे बांधकाम' या एका रकान्यात टाकतो. त्याच्या जागी जे उभे राहते ते सिकंदराबादला असो की सोलापूरला, सारखेच दिसते: पत्र्याची शेड, काचेची दर्शनी भिंत, रात्री रंग बदलणारे दिवे. पावसाळ्यात त्या शेडखाली निम्म्या प्रवाशांना छत्री उघडावी लागते. उतरत्या कौलांचे, रुंद पडवीचे जुने स्टेशन ज्याने बांधले त्याला पाऊस तिरका येतो हे ठाऊक होते.

बंगळूरच्या उत्तरेला याच गोष्टीची दुसरी बाजू पाहायला मिळते. येलहंका-चिक्कबळ्ळापूर-कोलार ही जुनी नॅरोगेज लाइन. तिच्यावर दोड्डजाला, देवनहळ्ळी, आवती, नंदी हॉल्ट अशी शंभर वर्षांहून जुनी लहान स्टेशने आहेत. गेज बदलले, गाड्या कमी झाल्या, आणि इमारती ओस पडल्या. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बंगळूर शाखेने त्यांच्यासाठी पाठपुरावा केला, त्या दुरुस्त करून वापरात आणण्याचे आराखडे मांडले. त्याच लाइनीवर जानेवारी २०२१ पासून विमानतळासाठी नवे हॉल्ट स्टेशन सुरू झाले. जुन्या इमारतींत वाचनालय करा, चित्रांचे दालन करा, अशा सूचना अशा वेळी होतात. करावे, जरूर करावे. पडण्यापेक्षा ते बरे. पण आमच्या मते स्टेशन जपण्याचा पहिला उपाय म्हणजे तिथे गाडी थांबवणे. गाडी थांबते, तिकीट मिळते, दिवा लागतो, माणूस हजर असतो, तोवर इमारत जिवंत असते. चित्रांचे दालन झालेले स्टेशन हे जपलेले स्टेशन नव्हे; ती जपलेली इमारत.

जुने आणि चालू दोन्ही एकत्र राहू शकते, हे मुंबईत भायखळ्याने दाखवले आहे. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे लाइन सुरू झाली तेव्हापासूनचे हे स्टेशन. २०१९ ते २०२२ या काळात वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली. वर्षानुवर्षांचे रंगाचे थर उतरवले, जुना दगड आणि ओतीव लोखंडाचे काम मोकळे केले, आणि हे सारे लोकल चालू असताना. पुढे युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत त्याला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. काम चांगले झाले, यात वाद नाही. पैसा मात्र खाजगी न्यासाचा होता. दानशूर मंडळींना भायखळा दिसतो. आनेकल रोड, केडगाव, सावदा त्यांना दिसणार नाही. तिथे रेल्वेचाच पैसा लागणार, आणि तो मागायला कोणी तरी उभे राहावे लागणार.

पैसा नाही असे प्रशासन म्हणू शकत नाही. 'अमृत भारत स्टेशन' योजनेत तेराशेहून अधिक स्टेशने घेतली आहेत. ६ ऑगस्ट २०२३ रोजी एकाच दिवशी ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली आणि २२ मे २०२५ रोजी १०३ स्टेशने नव्या रूपात खुली झाली. त्यांत महाराष्ट्रातली १५ आहेत: परळ, चिंचपोकळी, माटुंगा, लोणंद, लासलगाव, देवळाली, सावदा, मूर्तिजापूर वगैरे. काही सोयी खरोखर चांगल्या झाल्या आहेत. सरकते जिने, लिफ्ट, दिव्यांगांसाठी उतार, स्वच्छ प्रसाधनगृहे हे सारे हवेच होते, आणि जुने जपायच्या नावाखाली त्याला अडवणारा आपला मित्र नव्हे.

परंतु या यादीतली नावे जरा थांबून वाचा. लासलगाव म्हणजे कांदा. सावदा म्हणजे केळी. देवळालीहून ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल दानापूरला सुटली. या स्टेशनांचा स्वभाव घडला तो मालधक्क्यावर, हमालांच्या पाठीवर, वॅगनच्या हिशेबात आणि शेतकऱ्याच्या चिंतेत. दर्शनी भिंतीवर केळीच्या घडाचे चित्र काढले म्हणून सावदा जपले जात नाही. केळीला वेळेवर वॅगन मिळाली, धक्क्यावर सावली आणि पाणी मिळाले, पावती देणारा कारकून जागेवर राहिला, तर ते जपले जाते.

आणि मूर्तिजापूर! विदर्भातल्या वाचकांना पुढचे वाक्य ठाऊकच आहे. मूर्तिजापूरला जंक्शन म्हणायचे कारण म्हणजे शकुंतला. अडीच फुटी नॅरोगेज. एका बाजूला यवतमाळ ११३ किलोमीटर, दुसऱ्या बाजूला अचलपूर ७६ किलोमीटर. लाइन किलिक निक्सनच्या कंपनीची, गाडी चालवणारी रेल्वे सरकारी, असा तो विचित्र संसार. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. इंजिन जोडण्यापासून तिकिटे देण्यापर्यंतची कामे मोजकेच कर्मचारी हाताने करीत. आज दोन्ही बाजू बंद आहेत. स्टेशन सजले, आणि ज्या फाट्यांमुळे ते जंक्शन होते ते फाटे गवतात गेले. फलकावर 'जंक्शन' हा शब्द मात्र नवा कोरा आहे. गरिबाच्या भाड्यात यवतमाळ-अचलपूर गाठणाऱ्या माणसाला त्या सजावटीचे काय सांगावे, हे आम्हाला सुचत नाही.

आता थोडे आपल्याच घरातले बोलू, कारण जुने स्टेशन म्हटले की आपल्यातल्याही अनेकांचे डोळे पाणावतात. कौलारू ऑफिस, बाजूला दोन-चार क्वार्टर, परसात शेवगा, मास्तरांच्या मुलांनी वाढवलेली जास्वंद. चित्र गोड आहे. पण ती क्वार्टर स्टेशनाला इतकी चिकटून का होती? कामाच्या तासांचे नियम पाहा. १९६९ च्या रेल्वे कामगार लवादावर न्यायमूर्ती मियाभाई होते. त्यांच्या निवाड्यानंतरही लहान स्टेशनांवरचा 'ई. आय.' रोस्टर, म्हणजे मधूनमधून काम असलेली वर्गवारी, कायम राहिला. त्या वर्गवारीतल्या कर्मचाऱ्याला रोडसाइड स्टेशनवर अर्ध्या किलोमीटरच्या आत क्वार्टर दिले असेल, तर त्याच्याकडून आठवड्याला ७२ तासांपर्यंत ड्यूटी घेता येते. क्वार्टर नसेल तर ६०. म्हणजे शेवग्याच्या सावलीची किंमत आठवड्याला बारा तास! गाड्या कमी होत्या तेव्हा हे कसेबसे खपत होते. मालगाड्या वाढल्या, ब्लॉक वाढले, तरी बारा तासांची पाळी अनेक ठिकाणी हलली नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की जुने स्टेशन जपा याचा अर्थ जुनी राबणूक जपा असा मुळीच नव्हे. पडवी राहू दे, कौले राहू देत, आठ तासांची पाळी येऊ दे. क्वार्टर गळते असेल तर ते 'वारसा' म्हणून गळते ठेवायचे कारण नाही.

दुसरीकडून उलटा धोका आहे. सिग्नल दूरवरच्या पॅनेलवर गेले की स्टेशनला हॉल्ट करण्याचा मोह प्रशासनाला होतो. स्टेशनमास्तर आणि पॉइंट्समन जातात, तिकिटे कमिशनवरचा एजंट विकतो, झाडू ठेकेदाराचा. रात्री नऊनंतर उतरलेल्या बाईमाणसाला विचारायला कोणी नाही, गाडीतून पडलेल्याला उचलायला कोणी नाही. इमारत नवी असो वा जुनी, असे स्टेशन आमच्या लेखी मोडलेले स्टेशन. ठेकेदाराचे सफाई कामगार हे परके नव्हेत, हेही इथे सांगून ठेवतो. त्यांना किमान वेतन पूर्ण मिळते की नाही, हे पाहणे मुख्य मालक म्हणून रेल्वेचे काम आहे, आणि ते पाहिले जाते की नाही, हे पाहणे आपले.

टपाल खात्यातले वाचक म्हणतील, यात आम्ही कुठे? तुम्ही प्लॅटफॉर्मवरच आहात. आर. एम. एस.चे ऑफिस हा मोठ्या स्टेशनाचा तितकाच जुना रहिवासी. चालत्या गाडीत रात्रभर टपालाची वर्गवारी करणारे सॉर्टर, मेल व्हॅनच्या पेटीत जादा तिकीट लावून टाकलेले लेट फीचे पत्र, लहान स्टेशनवर मिनिटभरात होणारी थैल्यांची देवघेव, हे ज्यांनी पाहिले ते अजून आपल्यात आहेत. चालत्या गाडीतले ते काम गेले. २०२५ मध्ये रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले. तरी टपाल रेल्वेने जातेच, थैल्या कोणाला तरी चढवाव्या-उतरवाव्या लागतातच. स्टेशनचा नवा नकाशा करताना आर. एम. एस.ची खोली 'व्यावसायिक जागे'त गेली, की थैल्यांची हातगाडी जिन्यावरून न्यायची वेळ येते. म्हणून नकाशावर रेल्वेच्या युनियनची नजर हवी तशी टपालवाल्यांचीही हवी, आणि दोघांनी एकत्र जायला हवे. एका छताखाली काम करून आपण एकमेकांच्या द्वारसभेला किती वेळा गेलो, याचा हिशेब सोडूनच दिलेला बरा.

मागणी करताना फार पसरू नये असे आम्हाला वाटते. नकाशा मंजूर होण्याआधी तो स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना दाखवा. पाडण्याआधी दुरुस्तीचा खर्च काढा आणि तो पाडून बांधण्याच्या खर्चाशेजारी मांडा. पुष्कळदा दुरुस्ती स्वस्त पडते आणि म्हणूनच ती मांडली जात नाही. पडवी, मोठे झाड, विहीर किंवा टाकी, दगडी धक्का आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेला जुना पिवळा फलक यांना हात लावण्यापूर्वी लेखी कारण द्या. नव्या इमारतीत विश्रांतीची खोली, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळे प्रसाधनगृह आणि आर. एम. एस.ची जागा आधी आखा, दुकानांची नंतर. आणि काम पूर्ण झाल्यावर मंजूर पदे जितकी होती तितकी भरलेली दाखवा.

आपल्या शाखांनी एक काम लगेच हाती घ्यावे. आपल्या विभागात ज्या लहान स्टेशनांवर दुहेरीकरण किंवा नूतनीकरण येऊ घातले आहे त्यांची नावे, इमारतीची आजची अवस्था, आजचा रोस्टर आणि रिकामी पदे एवढे चार रकाने भरून संपादकीय कार्यालयाकडे पाठवावेत. सोबत फोटो असेल तर उत्तम. नसेल तर मास्तरांच्या खोलीपासून धक्क्यापर्यंत काय काय आहे ते साध्या शब्दांत लिहावे. आनेकल रोडवर काम केलेला कोणी वाचक असेल तर त्याचे पत्र आम्ही आधी छापू.