वारशातील जोखीम आणि हाती असलेली शिल्लक

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. सभोवती धानाची शेती आणि शहरात राईस मिलची वर्दळ. या परिसरातील व्यापारी घरांत मागील अनेक हंगामांचे भाव, कोणाकडे किती उधारी आहे आणि कोणाचा शब्द पक्का आहे, हे सारे तोंडपाठ असणारे आजोबा नवलाचे नाहीत. अशा घरात एके दिवशी आजोबा तेच बिल दुसऱ्यांदा चुकते करतात, नेहमीच्या गिऱ्हाइकाचे नाव त्यांना आठवत नाही, रोजमेळ जुळत नाही. प्रथम सारे हसून सोडून देतात. पुढे निदान होते आणि मग घरातील प्रत्येक पुत्र, प्रत्येक कन्या मनाशी एकच प्रश्न विचारते : हे उद्या आपल्याही वाट्याला येणार काय?

हा प्रश्न बहुधा बोलला जात नाही. मुलामुलींचे विवाह जमवावयाचे असतात, पेढीची पत सांभाळावयाची असते. घराण्यात दोष आहे, असा बोल लागू नये म्हणून आजार झाकला जातो आणि उपायांचा काळ निघून जातो. म्हणून आनुवंशिकता म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेणे हिताचे आहे.

अल्झायमरचे काही मोजके प्रकार खरोखरच पिढीजात असतात. त्यांत एकाच जनुकातील दोषामुळे चाळिशी-पन्नाशीतच आजार दिसू लागतो आणि अपत्यात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र असे रुग्ण एकूण रुग्णांच्या शंभरात एकापेक्षाही कमी असतात. अशा घरांनी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेणेच योग्य. केवळ आहार बदलून तो दोष टळत नाही. उतारवयात होणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरची गोष्ट निराळी आहे. त्यात एपीओई-४ या जनुकरूपाचा वाटा मोठा आहे. त्याची एक प्रत असल्यास जोखीम साधारण दोन ते तीन पट होते, दोन प्रती असल्यास ती त्याहून पुष्कळ वाढते. तरीही हे रूप असणाऱ्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि ते नसणाऱ्यांनाही तो होऊ शकतो. वारशात येते ती जोखीम. आजार येईलच असे नाही.

२०१९ साली ब्रिटनमधील साठीपुढील १,९६,३८३ व्यक्तींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची आनुवंशिक जोखीम अधिक होती, त्यांच्यातही चांगली जीवनशैली पाळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण हे भान न ठेवणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. हे निरीक्षण आहे, हमी नव्हे. फिनलंडमध्ये मात्र ६० ते ७७ वर्षे वयाच्या १,२६० जणांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, या चारही गोष्टी दोन वर्षे एकत्र पाळल्यावर त्यांची बुद्धी अधिक तल्लख राहिली. एपीओई-४ असणाऱ्यांनाही हा लाभ मिळाला. एकट्या आहाराच्या प्रयोगांत इतके स्पष्ट यश दिसलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. एखादे औषधी चूर्ण किंवा एखादा सुकामेवा स्मृती वाचवतो, या जाहिरातींना म्हणूनच भुलू नये.

जैन घरातील ताटाचा पाया चांगला आहे : डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे. परंतु तीन बाबी तपासाव्यात. पहिली, जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून मिळते, पण वयोमानाने त्याचे शोषण घटते. त्याच्या अभावानेही विस्मरण होते आणि ते वेळीच ओळखल्यास बरे होऊ शकते. म्हणून पन्नाशीनंतर रक्ततपासणी करून घ्यावी. ज्यांनी दूधही सोडले आहे, त्यांना पूरक मात्रा घ्यावीच लागते. अनेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. त्याऐवजी वैद्यांना विचारून गोळी किंवा इंजेक्शन घेता येते. दुसरी बाब, स्निग्ध पदार्थ. फरसाण, मिठाई आणि सढळ तूप यांवर आवर घालून विदर्भाच्या ओळखीची जवसाची चटणी ताटात आणावी. पालेभाज्या एरवी भरपूर खाव्यात. चातुर्मासात त्या वर्ज्य असतील तेव्हा दुधी, पडवळ, दोडका आणि मोड न आलेली कडधान्ये ताट भरून काढतात. तिसरी बाब, भाताचे प्रमाण. धानाच्या प्रदेशात पॉलिशच्या तांदळाचा भात दोन्ही वेळा असतो. मधुमेह्याने त्याचा वाटा कमी करून डाळ-भाजीचा वाढवावा.

चौविहारामुळे सायंकाळचे जेवण लवकर होते आणि रात्रीचे अरबट-चरबट टळते. पण दिवसा पुरेसे पाणी प्यावयास हवे. वृद्धांना निर्जलतेने गोंधळल्यासारखे होते. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण साखर वारंवार फार खाली जाणे मेंदूला घातक आहे.

आहाराबाहेरही बरेच आपल्या हाती आहे. २०२४ साली लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके मोजले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठे जीवन, एकाकीपणा, तसेच उपचार न केलेला बहिरेपणा आणि अंधुक दृष्टी आहे. हे सारे धोके आयुष्यभर दूर ठेवता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू वा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. दिवसभर गादीवर बसणाऱ्यास यातून सरळ हिशेब मिळतो : आठवड्याला किमान दीडशे मिनिटे झपझप चालणे, मंदिर-दुकान जवळ असल्यास पायी जाणे, दरमहा रक्तदाब मोजणे. ऐकू कमी येऊ लागताच श्रवणयंत्र घ्यावे. ऐकू न येणारा माणूस बैठकीतून हळूहळू उठून जातो आणि बुद्धीला चालना मिळेनाशी होते.

बोलीभाषांचाही एक धडा आहे. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांच्या अभ्यासात दाखविले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षर लोकांतही तसेच आढळले. घरी मारवाडी किंवा गुजराती, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी आणि शेतकऱ्याशी दोन शब्द पोवारीत, हे गोंदियाच्या व्यापाऱ्याचे नित्याचे बोलणे आहे. नातवंडांशी घरची भाषा टिकवावी, कारण तेथे आजोबांचेही भले आहे.

शेवटी हिशेबाकडेच वळावे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानाच्या तब्बल सहा वर्षे आधीपासून बिले चुकू लागल्याचे आढळले. व्यापारी घराने ही खूण सर्वांत आधी टिपावी. रोजमेळ वारंवार चुकू लागला, तर वयस्क माणसास कोंडीत पकडू नये. हळुवारपणे तपासणीस न्यावे, बी-१२ आणि थायरॉइडची चाचणी करून घ्यावी, मृत्युपत्र आणि सह्यांचे अधिकार संमती स्पष्ट असतानाच ठरवावेत. नागऱ्यासारख्या गावातही गुपित जपण्यापेक्षा ही तयारी पेढीची पत अधिक राखते.

घराण्याकडून जोखीम मिळाली असेल, तरी चाळिशीतच सुरू केलेली चाल, मोजलेला रक्तदाब आणि वेळीच केलेली तपासणी ही शिल्लक प्रत्येकाच्या हाती आहे. ती जमा करण्याचा प्रारंभ आजच व्हावा, आणि तो घरातील सर्वांनी मिळून करावा.