विमान तासाभराचे, वाट मात्र दिवसभराची!

सोलापूर ते मुंबई हे अंतर आकाशातून मोजले तर सुमारे ३५५ किलोमीटर. रेल्वेने तेच ४५५ भरते. ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमानसेवा सुरू झाली, तेव्हा जो तो म्हणू लागला, "मुंबई तासाभरावर आली." शहरापुरते ते खरेच. पण जिल्हा म्हणजे काही नुसते सोलापूर शहर नव्हे.

मंगळवेढ्याचा माणूस घ्या. सोलापूर त्याला ५५ किलोमीटर. यष्टी किंवा वडाप वेळेवर मिळाले तर सव्वा तास. स्टँडवरून होटगी रोडच्या विमानतळापर्यंत रिक्षा. उड्डाणाच्या तासभर आधी तिथे हजर राहायचे. मग तासाचे उड्डाण आणि मुंबईत उतरल्यावर मंत्रालय किंवा परळचे इस्पितळ गाठायला आणखी तास. झाले की नाही पाच तास? वंदे भारत २०२३ पासून सोलापूरहून मुंबईला साडेसहा तासांत नेते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तर रात्री बसायचं अन् सकाळी मुंबईत उतरायचं. दिवस मोडत नाही, पैसाही कमी लागतो.

करमाळ्याची तर गंमतच. त्यांना जवळचे स्टेशन जेऊर, तेही मुंबईच्या वाटेवरच. विमानासाठी त्यांनी शंभरावर किलोमीटर उलटे सोलापूरला यायचे, हा कुठला हिशेब?

याचा अर्थ विमान नको असा नाही. तातडीचा रुग्ण, व्यापारी, कारखानदार यांची सोय झाली. अक्कलकोट, पंढरपूरला येणाऱ्या लांबच्या भाविकांचीही होईल. पण या विमानासाठी ग्रामीण भागाने काय मोजले, ते विसरून चालणार नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी उड्डाणाला अडथळा ठरवली गेली. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली. तो कारखाना ऊसउत्पादक सभासदांचा होता. बोरामणीच्या नव्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पण विमान उडाले ते होटगी रोडच्या जुन्या धावपट्टीवरूनच. चिमणी गेली, जमीन गेली, आणि बदल्यात गावाच्या पदरात काय पडले?

डाळिंब, कांदा, द्राक्षे तर या छोट्या विमानातून जाणार नाहीत. त्यांना ट्रकच. सांगोल्याचे डाळिंब २०२० मध्ये किसान रेल्वेने थेट बंगालपर्यंत गेले होते. शेतमालाला अशी वाट हवी.

सोलापूर-मुंबई विमानाची तूट भरून काढण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. म्हणजे पैसा सर्वांचाच. मग मागणीही सर्वांचीच असावी. उड्डाणाच्या वेळा धरून पंढरपूर, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटहून थेट विमानतळापर्यंत यष्टी सोडा. सांगोला, कुर्डुवाडीहून फळांसाठी रेल्वेचे नियमित डबे द्या. बोरामणीच्या जमिनींचे पुढे काय, ते गावसभेत येऊन सांगा.

अंतर धावपट्टीपासून नव्हे, वेशीपासून मोजायचे असते. तसे मोजले, तर मुंबई अजून बरीच लांब आहे.