चारशेसातवरचं घर

जुनी चारशेसात घ्यायची, हौद्यात पलंग, ओटा आणि पंखा बसवायचा आणि सेमिस्टर संपली की निघायचं. आधी नवेगावबांध, मग मेळघाट, जमलं तर थेट कोकण. हे स्वप्न सध्या हॉस्टेलच्या किती खोल्यांमधून फिरतंय, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. व्हिडिओत सगळं दहा मिनिटांत होतं. कटर फिरतो, ठिणग्या उडतात, प्लाय बसतो, पडदे लागतात, मागे गिटार वाजते आणि गाडी डोंगरात.

घरचे याला खूळ म्हणतात. आम्ही म्हणत नाही. हे करण्याजोगं काम आहे, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तर नक्कीच. फक्त व्हिडिओत ज्या क्रमाने दाखवतात त्या क्रमाने ते करू नका.

पहिली गोष्ट, ट्रकवर राहणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं कंपनी ट्रकचा सांगाडा आणि बोनेटपुरतं तोंड विकायची. केबिन, हौदा, ड्रायव्हरमागची झोपायची फळी हे सगळं गावचे सुतार-लोहार आणि बॉडी बिल्डर करायचे. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांनी तर जुन्या ट्रकमध्ये प्रोजेक्टर बसवला, तंबू टाकला आणि महिनोन्‌महिने त्याच ट्रकच्या आसऱ्याने संसार केला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी त्यांच्यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. आपली झाडीपट्टी घ्या. दिवाळीनंतर वडशाहून निघालेल्या नाटक मंडळ्या रात्रभर प्रयोग करतात, पहाटे सामान गाडीत टाकतात आणि पुढचं गाव गाठतात. गाडीत कमी जागेत जास्त सामान कसं बसवायचं, हे इंटिरिअर डिझाइनच्या चॅनेलपेक्षा त्यांच्या हमालाला विचारा.

आणि हातही इथेच आहेत. लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत वेल्डिंगवाले, पाटेवाले, पंप-नोझलवाले बसलेले आहेत. टाटा ४०७ ही १९८६ ची. त्या पिढीच्या डिझेल इंजिनात कॉम्प्युटर नाही, पंप यांत्रिक आहे. रात्री कुठेही बंद पडली तरी गावातला मिस्त्री उघडून बघू शकतो. जुन्या ट्रकची ही खरी श्रीमंती आहे.

घेताना मात्र रंगाला भुलू नका. गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सकाळी पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थोड्या वेळाने गेला नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय. मग गाडीखाली शिरा. चेसिसला पट्टी मारून वेल्डिंग केलेलं दिसलं तर भाव करत बसू नका, उठा. इंजिन पुन्हा बांधता येतं, मोडलेल्या चेसिसवर घर बांधता येत नाही. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी ताडून पाहा. कर्ज, चलान, फिटनेस काय बाकी आहे तेही त्याच दिवशी.

आता वजन. इथे सगळे फसतात. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं, असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक एवढीच तुमची मालमत्ता. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक प्लाय तीस-पस्तीस किलोचा, असे दहा लागले तर सव्वातीनशे. इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या शंभराच्या वर. चार मित्र पावणेतीनशे. लोखंडी सांगाडा, गादी, भांडी अजून धरलीच नाहीत आणि आपण नऊशेच्या पुढे गेलो. चारशेसात तेवढं ओढेल हो, प्रश्न ओढण्याचा नाही. धानाची पोती तळाला बसतात, घराचं वजन मात्र भिंतींत आणि छपरात असतं. घाटातल्या वळणावर किंवा कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर अशी गाडी कलते. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी शक्य तितक्या खाली, दोन्ही चाकांवर सारखा भार येईल अशा ठेवा. छपरावर फक्त सोलर पॅनल. वर बसून चहा प्यायचा डेक विसरा.

बॅटरीचं गणितही कागदावर करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे १२०० वॉट-अवर, आणि साध्या बॅटरीतून त्यातले निम्मेच काढावेत. तीस वॉटचा बीएलडीसी पंखा दहा तास चालला की तीनशे गेले. दीडशे वॉटचा कूलर लावलात तर चार तासांत सगळंच संपलं. आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या डब्यात झोपणं म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. छपराला दोन थर द्या, मधे हवा खेळू द्या, भिंतीत उष्णतारोधक भरा. यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया बॅटरीवरचे दोन वाचवतो.

गॅस मोठा नको, पाच किलोची छोटी टाकी पुरे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच, वरची खिडकी उपयोगाची नाही. संडासचा प्रश्न व्हिडिओत कुणी काढत नाही. ग्रुपमधल्या मुली तो पहिल्यांदा काढतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

इथवर सगळं जमेल. अडतं ते पुढे.

चारशेसात मालवाहू म्हणून नोंदलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. पण दंड ही छोटी गोष्ट आहे. मालवाहू गाडीत मागे बसलेल्या फुकट प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलंय. आपल्याकडे वऱ्हाड मेटॅडोरमध्ये जातं, रोवणीच्या बायका पिकअपमध्ये उभ्या राहून जातात. गाडी उलटली की मग त्या घरांचं काय होतं, ते कोर्टाच्या आवारात जाऊन पाहा. तुमच्या पलंगावर झोपलेला मित्र कायद्याच्या नजरेत त्याच हौद्यात आहे. त्याच्या दवाखान्याचा खर्च मग गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या बापाच्या शेतावर येतो.

मग करायचं काय? कायद्यात 'मोटार कॅरॅव्हॅन' हा प्रकार आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाक, सामानाची जागा, एवढं त्यात पक्कं बसवलेलं हवं. त्यासाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. पण ती चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून करून घ्यावी लागते, आणि ती प्रक्रिया शेकडो गाड्या बनवणाऱ्या कंपनीला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. एक गाडी बांधणाऱ्या पोरापोरींना ती परवडत नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्क आले, उद्योजकांना सवलती आल्या. गाडी हाताने बांधणारा मात्र त्यात कुठे दिसत नाही. आमची तक्रार इथे आहे. एकेकट्या गाडीची तपासणी आरटीओ आणि एखादं तंत्रनिकेतन मिळून का करू शकत नाही? वजन, गुरुत्वमध्य, ब्रेक, वायरिंग, गॅस, आपत्कालीन दार. तपासायला सहा गोष्टी आहेत, आणि मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला त्या शिकवल्याच जातात. तुमच्यातल्या कुणी हाच प्रोजेक्ट विषय म्हणून मागितला तर सरांनी नाही म्हणू नये.

तोवर एक मधला रस्ता आहे. गाडीला हात न लावता हौद्याच्या मापाची सुटी पेटी बांधायची. पलंग, ओटा, बॅटरी सगळं त्या पेटीत. पेटी माल म्हणून जाईल, पट्ट्यांनी घट्ट बांधलेली, हौद्याबाहेर न डोकावणारी. चालत्या गाडीत सगळे पुढे केबिनमध्ये, आरसीवर जेवढी आसनं तेवढेच. मुक्कामाला गाडी थांबली की पेटी उघडायची. चार मित्र जाऊ शकणार नाहीत, दोघे-तिघेच जातील, हे मान्य करा. मुक्कामही कोका किंवा नागझिऱ्याच्या जंगलात नाही, बाहेर गावात, कुणाला तरी विचारून.

यातही प्रत्येक अधिकारी वेगळा अर्थ लावू शकतो. म्हणून प्लाय कापण्याआधी, खरं तर गाडीचा बयाणा देण्याआधी, पेटीचं मापासकट चित्र काढा, वजनाचा हिशेब जोडा आणि भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा की हे चालेल का, आणि कॅरॅव्हॅन म्हणून नोंदवायची झाल्यास काय काय लागेल. तोच कागद विमा कंपनीलाही द्या. अर्ज मराठीत चालतो. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.