डीएनए झाड ओळखेल, शेंडे कोण तोलणार?

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पट्ट्यात गांजाची शेती उपटल्याच्या बातम्या खानदेशाला नव्या नाहीत. फोटोत हिरव्या झाडांचा ढीग, मागे पोलीस आणि पुढे मान खाली घातलेला एखादा आदिवासी मजूर. मालाचे पैसे घेणारा फोटोत नसतो. आता अशा मालाची ओळख डीएनए चाचणीने पटवावी, असे तज्ज्ञ सुचवतात.

विज्ञानाला विरोध करण्याचे आम्हाला कारण नाही. चुरा झालेल्या, भेसळीच्या मालात भिंगाखाली पानावरची लव सापडत नाही, रंगाच्या चाचणीनेही शंका उरते. तेथे जनुकांचे ठरावीक तुकडे वाचून वनस्पती कोणती ते सांगता येते. पुडीत भलताच पाला निघाला तर निरपराध माणूस सुटेल. हे मोठेच काम आहे.

पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्याची व्याख्या वाचा. गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बी गांजात मोडत नाहीत. डीएनएला हा फरक कळत नाही. आमच्या पिंप्राळ्यातल्या कोणत्याही केळीवाल्याला विचारा: पान, खोड आणि घड एकाच झाडाचे, डीएनए एकच. पण घडाचा भाव लावताना कोणी खोड काट्यावर ठेवत नाही. गांजाच्या केसमध्ये मात्र खोड, पाने, कधी मुळांसकट सारे झाड काट्यावर चढते.

आणि या वजनावरच माणसाचे आयुष्य ठरते. १ किलोपर्यंत एक वर्षापर्यंत शिक्षा. २० किलो म्हणजे व्यापारी प्रमाण, तेथे किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. शिवाय कलम ३७ आडवे येते आणि जामीन जवळपास बंद होतो. झाड लावल्याचा गुन्हा वेगळा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहेच. त्यावर पाल्याचे वजन चढवून व्यापारी प्रमाण कशासाठी?

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ४८ किलोच्या एका प्रकरणात नेमके या व्याख्येवर बोट ठेवून जामीन दिला. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे भाडे पाड्यावरच्या माणसाकडे कोठून येणार? त्याची केस खालच्या कोर्टातच लढवावी लागते.

तेथे नमुन्याकडे पाहा. प्रयोगशाळेला जातात २४ ग्रॅम. ते शेंड्यावरचे उचलले, तर अहवाल गांजा म्हणणार आणि तो शब्द साऱ्या ढिगाला चिकटणार. नमुना दंडाधिकाऱ्यासमोर काढावा, हे कलम ५२-अ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते पुन्हा बजावले. ढिगातला कोणता भाग उचलला, हे कोणतेही यंत्र नंतर सांगू शकत नाही.

म्हणून विधी सहाय्याच्या केसेस घेणाऱ्या आमच्या तरुण वकिलांनी डीएनएची मागणी जरूर करावी. पण त्याआधी पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि तपास अधिकाऱ्याला विचारावे: शेंडे वेगळे केले होते का, आणि त्यांचे वजन किती भरले?