पाण्याची पाळी आणि रस्त्याची पाळी

आपल्या मासिकांत पीक, खत, बी-बियाणें आणि बाजारभाव यांची चर्चा असते. तेव्हां मोटार हांकण्याच्या शिस्तीवर लिहिलेला मजकूर पाहून कांहीं वाचक कपाळास आंठ्या घालतील, हें मी जाणून आहें. परंतु आजचा शेतकरी केवळ बांधावर राहिलेला नाहीं. त्याचा माल रातोरात मुंबईस जातो, त्याच्या दारांत पिकअप उभी असते, आणि त्याचा मुलगा किंवा पुतण्या ती चालवितो. वर्षभर शेतांत राबून मिळविलेलें रस्त्यावर एका क्षणांत जाऊं शकतें. म्हणून हा विषय शेतीबाहेरचा नाहीं, असें माझें नम्र मत आहे.

मी महसूल खात्यांत कारकून होतों आणि वयाच्या ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों. नोकरीचा बराच काळ तहसील कचेरींत बांधांचे व रस्त्यांचे तंटे हाताळण्यांत गेला. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं अडविलेली वहिवाट मोकळी करून मागणारे अर्ज, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखालीं बांधावरून वाट मागणारे अर्ज, यांचे गठ्ठे मीं स्वतःच्या हातानें बांधले आहेत. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांचें तोंड पाहीनासे झालेले मीं पाहिले आहेत. या सर्व कागदांतून मी एवढेंच शिकलों कीं, वहिवाटीचा हक्क म्हणजे जाण्याचा हक्क. वाटेंत गाडी सोडून बसण्याचा हक्क नव्हे.

हेंच तत्त्व मोठ्या रस्त्यासही लागू आहे. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं संपूर्ण खुला झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत त्याची लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर आहे. जाण्यास तीन व येण्यास तीन अशा त्याच्या सहा मार्गिका आहेत. डावी मार्गिका जड वाहनांची, मधली हलक्या वाहनांची, आणि उजवी केवळ पुढच्या वाहनास ओलांडण्यापुरती, अशी ही योजना आहे. उजवीकडे जावें, ओलांडावें आणि पुन्हां डावीकडे यावें, एवढाच हा नियम. वाहनानें डावी बाजू धरावी व ओलांडणें तें उजवीकडून करावें, हें २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही आहे. समजण्यास कठीण असें त्यांत कांहींच नाहीं. पाळणारे मात्र थोडे.

मीही न पाळणाऱ्यांतलाच होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. मागील डाळिंबाच्या हंगामांत पुतण्याच्या पिकअपमधून वाशीच्या फळबाजारास जाण्याचा योग आला. रात्रीं गांव सोडलें. किवळ्याजवळ द्रुतगती मार्गास लागल्यावर मींच त्यास म्हटलें, "उजव्या पट्टीनें सरळ चल. मधेंमधें ब्रेक नको. फळास दणका बसतो." "बरं, अण्णा," असें म्हणून त्यानें तसें केलें. कांटा ऐंशीवर ठेवून लोणावळ्यापर्यंत आम्हीं उजवी मार्गिका सोडली नाहीं. मागून दिवे चमकविणाऱ्या मोटारी डावीकडून वळसा घेऊन पुढें जात होत्या, आणि आम्ही दोघे त्यांच्या उतावळेपणास हंसत होतों.

खंडाळ्याच्या उतारावर आमच्यापुढें त्याच मार्गिकेंत एक मालट्रक आला. तो फारच हळू उतरत होता. पुतण्यानें दोनतीन वेळां दिवे दिले, भोंगा वाजविला. ट्रक बाजूस होईना. तेव्हां त्यानें गाडी डावीकडून काढली. नेमकें त्याच वेळीं ट्रकवाल्यानें आम्हांस वाट द्यावी म्हणून ट्रक डावीकडे घेतला. त्याच्या आरशांत आम्ही दिसत नव्हतों. पुतण्यानें ब्रेक दाबला, मागच्या पेट्या एकमेकींवर आदळल्या, आणि ट्रकचें मागचें चाक पुतण्याच्या दारापासून हातभर अंतरावरून गेलें. त्यानंतर घाट उतरेपर्यंत आम्हां दोघांच्या तोंडून शब्द फुटला नाहीं. घरीं वहिनींस काय सांगितलें असतें, हाच एक विचार माझ्या डोक्यांत घोळत होता.

घाटाखालीं चहाच्या ठिकाणीं तोच ट्रक उभा होता. मी तावातावानें भांडावयास गेलों. ट्रकवाला पोरगेलासा होता. तो शांतपणें म्हणाला, "मामा, डाव्या पट्टींत एक कंटेनर बंद पडला होता. मधल्या पट्टींत लहान गाड्या. एकदां उजवीकडे आलों, मग परत आंत कोणी घेईना. आणि तुम्ही डावीकडून येणार, हें मला कसें कळावें?" गांव विचारलें, तर तें आमच्या शेजारच्याच तालुक्यांतलें निघालें. ट्रकचा मालक आमच्यासारखाच ऊसवाला बागाईतदार. फेरीवर पैसे मिळतात आणि पहाटेच्या आंत माल पोंचविला तर वर बक्षीस मिळतें, असेंही तो बोलला. माझा आवाज आपोआप उतरला. त्याचा दोष घाटांतल्या एका टप्प्याचा होता. माझा तीस-चाळीस किलोमीटरांचा होता. ज्या मोटारींस आम्हीं हंसलों, त्यांस डावीकडून जाण्याची पाळी आम्हींच आणली होती. घाटांत तीच पाळी आमच्यावर आली.

आमचें गांव नीरेच्या डाव्या कालव्यावर भिजतें. तेथल्या लहान पोरासही शेजपाळी ठाऊक असते. ज्याची पाळी असेल त्यानें दारें धरावीं. पाळी संपली कीं पाणी पुढच्यास सोडावें. खानदेश व नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीचें बागाईत पिढ्यान् पिढ्या चालत आलें. तेथेंही पाटकरी ज्याचें त्यास पाणी देतो आणि कोणी मुजोरी केल्यास सारा फड त्यास जाब विचारतो. पाणी वाहतें म्हणूनच तें सर्वांचें आहे. एकानें अडविलें कीं खालच्यांचें पीक जळतें. उजव्या मार्गिकेची गोष्ट हीच आहे. ती कोणाच्या सातबाऱ्यावर लागलेली नाहीं. ती पाळी आहे. आपलें काम झालें कीं ती मागच्यास मोकळी करून द्यावयाची. ज्या शेतकऱ्यास पाण्याची पाळी कळते, त्यास ही पाळी शिकविण्यास पोलीस कशाला हवा?

कोणी म्हणेल, "आम्ही टोल भरतों, आम्हांस कोणत्याही पट्टींतून जाण्याचा अधिकार आहे." पाणीपट्टी तर सर्वच बागाईतदार भरतात. पाणीपट्टी भरल्याची पावती दाखवून पाळी संपल्यावर दार उघडें ठेवतां येतें काय? टोल हा चालण्याचा आकार आहे, अडविण्याचा परवाना नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डाव्या मार्गिकेंत बंद पडलेलीं वाहनें उभीं असतात आणि जड वाहनांची रांग लागलेली असते. मग मालवाल्यानें जावें कोठून? ही तक्रार योग्य आहे. बंद पडलेलें वाहन तातडीनें हलविणें, हें रस्ता राखणारांचें काम आहे आणि तें त्यांच्याकडून करून घेतलेंच पाहिजे. परंतु अडथळा ओलांडून झाल्यावरही उजवीकडेच राहणें, याला ही सबब पुरत नाहीं.

आतां थोडा हिशेब मांडतों, कारण हिशेबावांचून कारकुनाचें समाधान होत नाहीं. मोटारींस सपाटीवर ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. त्या वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारे ९१ फूट जाते. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची; म्हणजे पापणी लवून उघडेपर्यंत दोन-तीन गुंठ्यांची लांबी मागें पडते. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचें अंतर ठेवावें असें म्हणतात. तें अंतर १८० फुटांहून अधिक होतें. पुढच्याच्या पाठीस दहा हातांवर गाडी लावून दिवे मारणारे मोटारवाले या हिशेबांत कोठें बसतात, तें त्यांनींच पाहावें. रेंगाळणाऱ्याचा दोष आहे म्हणून त्यांचा दोष कमी होत नाहीं.

ट्रकांचाही हिशेब पाहूं. चढावर एक ट्रक ताशीं ४० नें जात आहे आणि दुसरा ४५ नें त्यास ओलांडूं पाहतो. दोघांच्या लांब्या व मधलीं अंतरें धरून ५० मीटरांची आघाडी मिळविणें भाग आहे. ताशीं ५ किलोमीटरांच्या फरकानें त्यास ३६ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळांत दोघे मिळून सुमारे ४५० मीटर रस्ता अडवितात. तिसरा ट्रक उजवीकडून त्यांतच घुसला म्हणजे तिन्ही मार्गिका बंद. यांतून वांचलें काय? संपूर्ण ९४.५ किलोमीटर ताशीं १०० नें गेल्यास सुमारे ५७ मिनिटें लागतात, ८० नें गेल्यास ७१. सबंध रस्त्याचा फरक १४ मिनिटांचा. घाट व गर्दी जमेस धरतां तोही पुरता हातीं लागत नाहीं. तेवढी मिनिटें तर पेट्या भरतांना चहा-तंबाखूंत जातात.

या १४ मिनिटांच्या बदल्यांत काय जातें, तेंही पाहिलें पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मेलीं. मुंबई-पुणें मार्गावर २००१ सालीं अभिनेत्री भक्ती बर्वे, २०१२ सालीं अभिनेते आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे, आणि २०२२ सालीं विनायक मेटे यांस मृत्यु आला. त्या अपघातांचीं कारणें निरनिराळीं होतीं. तीं सर्व या एका दोषाच्या पदरीं बांधण्याचा माझा हेतु नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, मोठ्यांचीं नांवें आपण वाचतों आणि हळहळतों. रात्रीं माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हर-क्लीनरांचीं नांवें वर्तमानपत्राच्या एका ओळींत संपतात, आणि पुष्कळ वेळां तीं आपल्याच गांवांतल्या पोरांचीं असतात.

द्रुतगती मार्गावर २०२४ सालापासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा बसली आहे आणि मार्गिका मोडणाऱ्यास घरपोंच दंडाची चिठ्ठी येते. हें चांगलेंच झालें. परंतु कॅमेरा आला कीं डावीकडे आणि गेला कीं उजवीकडे, असा प्रकारही चालतो. कालवा निरीक्षकाची मोटारसायकल दिसली कीं दारें बंद, आणि ती वळणाआड गेली कीं उघडीं, यांतलाच हा प्रकार. धाकानें पाळलेली पाळी धाकापुरतीच टिकते.

यासाठीं सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या संघाच्या सभासदांनीं आपल्या अंगणापासून आरंभ करावा, अशी माझी सूचना आहे. ज्याच्या दारीं मालवाहू गाडी आहे त्यानें ड्रायव्हरास स्पष्ट शब्दांत सांगावें कीं, उजवी मार्गिका फक्त ओलांडण्यास. ओलांडून झालें कीं डावीकडे. आणि डावीकडून कोणास ओलांडूं नये. लवकर पोंचण्याचें बक्षीस बंद करावें. तें बक्षीस नसून जिवावर लावलेली पैज आहे. बाजार गांठावयाचा असेल तर माल एक तास आधीं भरावा. तोडणी व प्रतवारीची घाई शेतांत करावी, रस्त्यावर नव्हे. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरास मनाई आहे, पण पुणें-सोलापूर रस्त्यावर गळिताच्या हंगामांत उसाच्या जोडट्रॉल्या उजवी बाजू धरून चाललेल्या दिसतात, त्याही मागें तांबडा दिवा किंवा चमकपट्टी नसतांना. त्या ट्रॉल्या परक्या कोणाच्या नाहींत. त्यांतला ऊस आपला आहे. गाडी लावून देणाऱ्या मुकादमास दिवा व पट्टी असल्याशिवाय फड सोडूं देणार नाहीं, एवढें उसाचा मालक सहज म्हणूं शकतो.

माझ्या पुतण्यानें त्या रात्रीनंतर आपली रीत बदलली. मध्यंतरीं एकदां मी पुन्हां त्याच्यासोबत गेलों होतों. तो मधल्या मार्गिकेंतून जात होता. पुढें संथ गाडी आली कीं आरसा पाहून उजवीकडे जाई, ओलांडी आणि परत येई. वाशीस आम्ही नेहमींच्याच वेळीं पोंचलों; पेट्यांतलें एक फळही दुखावलें नव्हतें. परततांना तो म्हणाला, "अण्णा, मागें कोणी खोळंबलेलें नसलें म्हणजे गाडी हलकी वाटते."

बांधाच्या तंट्यांत ज्यांनीं हयात घालविली त्यांस रस्त्यावरची पांढरी रेघ क्षुल्लक वाटावी, हें आश्चर्य आहे. ती रेघ कोरून कोणाचें क्षेत्र वाढत नाहीं. कोणाचा तरी वंश मात्र खुंटतो. वाचकांनीं यावर घरांतल्या गाडी चालविणाऱ्या मुलांशीं एकदां बसून बोलावें, इतकी विनंति करून लेखणी थांबवितों.